बाबाची माती

मेसेज इंग्रजी अक्षरांत होता, भाषा मात्र आपलीच. मामेभावाने रात्री कधीतरी पाठवला होता आणि मी तो सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता वाचला. "बाबाची माती आहे उद्या सकाळी. आत्याले घेऊन येजा." एवढंच. शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र.

मामेभावाचे बाबा म्हणजे माझा मामा, आईचा थोरला आणि एकुलता एक भाऊ. आत्या म्हणजे माझी आई. आणि माती म्हणजे माती, शेतातली, कुंडीतली, पायाला लागणारी. पण आमच्या भागात कोणाची तरी माती आहे असं म्हटलं की तिचा अर्थ एकच. माणूस गेला, त्याला पोचवायला या. "मातीले गेलतो" असं सांगणाऱ्याला आमच्याकडे कोणी "कुठल्या शेतात?" असं विचारत नाही. आंघोळ झाली का, ते विचारतात.

मी गॅस बंद केला. डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते नाही हे मला लगेच जाणवलं. आई मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तिला हे कसं सांगायचं, याचा विचार करत मी दारात उभी राहिले. कारण आई आणि मामा गेली दहा-बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण असं झालंच नव्हतं. शेताची वाटणी नाही, दागिना नाही, कुठे सही नाही. झालं होतं ते माझ्या लग्नात. माझा नवरा पुण्याचा. बदलीवर तुमसरला बँकेत आला आणि इथलाच झाला. लग्न तुमसरलाच होतं आणि त्याच्याकडची दोन गाड्या भरून माणसं आली होती. मामा म्हणजे बोलणारा माणूस. बैल हरवल्याची गोष्ट सांगायला बसला तर बैल सापडून वर्ष झालं तरी गोष्ट संपायची नाही, आणि ऐकणारे उठायचे नाहीत. त्याच्या बोलण्यात सगळं आमच्या धानाच्या मुलखातलं. मले, तुले, काहून, जाऊन राहिलो, करून राहिलो. आईला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मांडवात पाहुणे उतरले तसं तिने मामाला खांबाआड घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, ते पुन्याचे लोकं हायेत. त्यायच्यासमोर तू जास्त बोलू नोको."

मामा बोलला नाही. एक शब्दही नाही. मामाने नवरीला बोहल्यावर न्यायचं असतं, तसं त्याने मला हाताला धरून नेलं. माझ्या सासऱ्यांनी कौतुकाने विचारलं, "मामासाहेब, गाव कुठलं आपलं?" तर त्याने नुसते हात जोडले. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि मामा मामीला घेऊन न जेवता निघून गेला.

त्यानंतर तो आमच्या दारात आला नाही. आई म्हणायची, माझ्या पोरीच्या लग्नात त्याने पान सोडलं, आता तो आल्याशिवाय मी जायची नाही. माझे बाबा गेले, आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तरी तो येईल असं वाटलं होतं. मामी आली, मामेभाऊ आला, तो नाही. मामाचं गाव मोहाडीच्या पलीकडे, तलावाच्या काठाला. तुमसरहून चहा पिऊन निघालं तर तो पोटात जिरायच्या आत पोचतो. एवढ्याशा अंतरावर दोन म्हातारी माणसं एकमेकांची वाट पाहत हटून बसली होती. आईला त्याची भयंकर आठवण यायची हे मला ठाऊक होतं. बाजारात तलावाचे मासे घेताना ती कोळणीला हटकून विचारायची की कोणत्या गावचे आहेत. आणि मामाच्या गावचे निघाले की घ्यायची नाही.

आता ज्याची वाट पाहायची तोच उरला नव्हता. मी तिला सांगितलं. हातातला तांब्या तिने हळूच कट्ट्यावर ठेवला.

"कोन म्हनलं?"

"मेसेज आलाय. त्याची माती आहे आज सकाळी."

"फोन करून पाह्य ना एकदा. काय झालं, कसं झालं..."

मी केला. मामेभाऊ उचलेना. मामीचा बंद. तेव्हा मी म्हणाले, "आई, अशा घरात आज फोन कोण उचलणार?" ती तरीही म्हणाली, "नीट वाच. दुसरं काही असंन." तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्याच वाक्याने त्या दिवशी माझं नाक कापलं गेलं. मी म्हणाले, "आई, मी मराठी शिकवते. माती म्हणजे दुसरं काय असणार?"

मी खरोखरच मराठी शिकवते, तुमसरच्या ज्युनिअर कॉलेजात. पोरांनी उत्तरपत्रिकेत 'मले' लिहिलं की त्याला लाल गोल करते आणि वर 'मला' लिहिते. शब्दांच्या मुळाशी जायचा मला नाद आहे. भाजीच्या पिशवीवर काही छापलेलं दिसलं तरी मी थांबते. नवरा म्हणतो, हिला स्वर्गात नेलं तरी आधी दारावरची पाटी शुद्ध आहे का पाहील. हा नाद बरा होता तोपर्यंत बरा होता.

आम्ही निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, आई मागे. चौकातल्या फुलवाल्याकडे गाडी थांबवली. उन्हाळ्याचे दिवस, लग्नाची गडबड, त्याच्याकडे हारांचे ढीग होते. मी मोठा झेंडूचा हार मागितला तर त्याने विचारलं, "मातीले पाह्यजे का लग्नाले?" मी म्हणाले, "मातीला." त्याने निमूटपणे हारातला चकचकीत कागदाचा गोंडा काढून टाकला. शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं, तिथून पांढरं कापड घेतलं. आई गाडीतून उतरलीच नाही.

राइस मिलचा कोंड्याचा वास मागे पडला आणि मोकळा रस्ता लागला. आई रडत नव्हती. आमच्याकडे रडणं राखून ठेवायचं असतं, ते गल्लीच्या तोंडाशी सुरू करायचं. मला मात्र राखून ठेवायलाही काही सापडत नव्हतं. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून मी तलाव पाहिला तो माणूस गेला होता आणि मी कोरडीठाक. ही लाज झाकायला मी मोबाईल काढला. नाद असतो तो असा. माणसं माळ ओढतात, मी शब्द शोधते.

मोबाईलवर एक शब्दकोश आहे. त्यात इंग्रजी अक्षरांत शब्द टाकला की जगातल्या ज्या ज्या भाषांत ती अक्षरं त्याच क्रमाने येतात, त्या सगळ्या एकाखाली एक उभ्या राहतात. मामेभावाने जसं लिहिलं होतं तसंच मी 'माती' टाकलं. आणि मलय भाषेपुढे अर्थ आला : मरणं. मेलेला.

मी तो दोनदा वाचला. मलेशियात माती म्हणजे मेलेला. इंडोनेशियातही तेच. तिथे घरातली लाईट गेली तरी तिला मातीच म्हणतात. जो रस्ता पुढे कुठेच जात नाही तो माती रस्ता. बंद पडलेलं इंजिन माती. तिथून पार फिलिपाइन्सपर्यंत, इकडे मादागास्करपर्यंत आणि तिकडे थेट हवाईच्या बेटांपर्यंत समुद्रात पांगलेल्या भाषा एकाच घरच्या, आणि मरणाचा त्यांचा शब्द थोड्याफार फरकाने हाच. होडीत बसून माणसं कुठून कुठे गेली आणि जाताना हा एक शब्द प्रत्येकाने बरोबर नेला.

खाली कातालान होती. स्पेनच्या एका कोपऱ्यात, बार्सिलोनाच्या बाजूला बोलतात ती. तिथे माती म्हणजे सकाळ. शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा, मातीऽ. जुन्या रोमन लोकांची पहाटेची एक देवी होती, तिच्या नावाशी नातं सांगणारा लॅटिन शब्द, त्यापासून फ्रेंचांचा सकाळसाठीचा शब्द, इटालियनांचा आणि या कातालान लोकांचाही.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे शेतातली माती, तिकडे मरण, आणि त्याच्याही पलीकडे सकाळ! एकाच शब्दात माणसाचा सगळा फेरा आला की. मातीतून निघायचं, मातीत जायचं, आणि मग पुन्हा उजाडायचं. मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. मामाच्या मातीला जाताना, त्याच्यासाठी घेतलेला हार मांडीवर ठेवून, मला आनंद झाला. यावर एक सुंदर लेख होईल असंही मनात आलं. शेवट काय करायचा तेही सुचलं. आज हे लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

वर मी गप्प बसले नाही. नवऱ्याला म्हणाले, "अरे, मलय भाषेत माती म्हणजे मृत्यूच. बघ ना."

तो रस्त्याकडे पाहत "हं" म्हणाला. मागून आईचा आवाज आला.

"तिकडचे लोकं पन असंच म्हनते का?"

"हो आई. अगदी हाच शब्द."

आईच्या मनात तोवर जी काही थोडी धुगधुगी होती, ती त्या क्षणी विझली असावी. समुद्रापलीकडच्या लोकांनीही मामा गेल्याचं कळवल्यासारखं झालं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला तो नाकापर्यंत.

मामाच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढे रस्त्यात मातीची ढेकळं पडलेली होती, ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्ता माखला होता. दारापुढे माणसं होती, पण कमी. तिरडी दिसत नव्हती. दारात विस्तव नव्हता. हे सगळं मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही, कारण अर्थ माझ्याजवळ आधीच तयार होता. आईला तर पदरातून पायापुरतंच दिसत होतं. ती उतरली आणि तिने हेल काढला.

आमच्याकडच्या बायका नुसत्या रडत नाहीत, रडता रडता बोलतात. गेलेल्या माणसाला हाक मारून त्याच्याशी सगळा हिशेब करतात. आईने इतक्या वर्षांचा केला.

"भाऊ रे माह्या... कसा गेला रे न बोलता... मीनंच तुह्यं बोलनं बंद केलं रे भाऊ... पुन्याच्या लोकायले लाजली मी... तुह्या बोलाची लाज वाटली मले... जे बोल आपल्या मायचे, थेच बोल तुह्ये, आन् मी म्हनलं बोलू नोको... मी पापीन रे भाऊ... माह्या पोरीले तू हातानं धरून नेलं आन् उपाशी गेला रे माह्या दारातून... रोज वाट पाह्यली रे तुही... आता कोनाची पाहू..."

ती चालत होती आणि बोलत होती. गल्लीतल्या बायका दारात आल्या. कोणी तोंडावर हात ठेवला, कोणी एकमेकींकडे पाहिलं. मी हार आणि कापड घेऊन तिच्या मागे, आणि तिचं बोलणं ऐकून अखेर मलाही रडू फुटलं होतं. आम्ही अशा थाटात मामाच्या अंगणात शिरलो.

छपरीत मामा उभा होता.

अंगावर बनियन, कमरेला पंचा, हातात दाढीचा साबण लावलेला ब्रश. अर्ध्या गालाला फेस. तो जिवंत होता. चांगला धडधाकट जिवंत होता, थोडा वाळलेला, केस पांढरे झालेले. मामी त्याच्या मागे आरसा धरून उभी होती.

माझ्या हातातला हार तसाच राहिला. माझं रडू थांबलं. आईला थांबवायला हवं होतं. मी तोंड उघडलं तर मामाने माझ्याकडे पाहून ब्रश धरलेल्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. बोलू नको. आणि मी बोलले नाही. त्याला ऐकायचं होतं.

आई छपरीच्या पायरीशी बसली, कपाळ पायरीला टेकलं आणि बोलतच राहिली. लहानपणी दोघं तलावात शिंगाडे काढायला गेली होती ते निघालं. तिच्या लग्नात तो गाडीमागे धावला होता ते निघालं. माझ्या लग्नातला खांब पुन्हा निघाला. मामाच्या गालावरचा फेस वाळत होता आणि त्यावरून पाणी उतरत होतं. आईला श्वास घ्यायला थांबावं लागलं तेव्हा मामा खाली वाकला.

"झालं का बाई?" तो म्हणाला. "आता बोलू का मी?"

आईने पदर वर केला. मी तिचा चेहरा तेव्हा पाहिला आणि तो पाहायला नको होता असं मला अजून वाटतं. आधी भूत पाहिल्यासारखी ती घाबरली. मग काय झालं ते तिला कळलं. मग आपण काय काय बोललो आणि ते कोणी कोणी ऐकलं तेही कळलं. तिने माझ्या हातातला हार ओढून घेतला आणि त्याच हाराने मामाला खांद्यावर, पाठीवर, दंडावर मारत सुटली. "मेला नाई तं सांगता येत नाई का! मेला नाई तं सांगता येत नाई!" झेंडूच्या पाकळ्या सगळ्या छपरीत झाल्या. मामा मार खात हसत होता आणि गल्लीतल्या बायकाही आता मोकळेपणाने हसायला लागल्या होत्या. आई एकदम थांबली, पदर पुन्हा नाकापर्यंत ओढून घेतला आणि आत स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

एवढ्यात मामेभाऊ ट्रॅक्टरवर बसून आला. कपाळापर्यंत धूळ. आम्हाला पाहून त्याला आनंद झाला, मग हार पाहिला, मग पांढरं कापड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे काय?"

"तू लिहिलंस ना, बाबाची माती आहे म्हणून."

"हो मंग. आज आमचा लंबर हाय ना."

गोष्ट साधी होती. उन्हाळ्यात गावचा तलाव आटला होता, त्यातला गाळ काढायचं काम चाललं होतं, आणि ती काळी माती पाळीपाळीने एकेकाच्या शेतात टाकत होते. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायच्या आधी सगळ्यांना ती हवी. पंधरवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. आज कोणाची माती, उद्या कोणाची माती. काल सरपंचाची माती झाली, आज बाबाची. त्या गावात तेवढ्या दिवसांत शब्दाचा दुसरा अर्थ कोणाच्या कानात शिरतच नव्हता. जोडलेले हात म्हणजे विनंती होती. फोन उचलला नाही कारण तो तलावात मशीनजवळ होता, आणि मामीचा फोन कोनाड्यात पडलेला, त्याला चार्जिंगच नव्हतं.

"पन आईले कायले बलावलं मातीसाठी?" मी विचारलं. घाबरल्यावर माझ्याही तोंडून 'कायले' निघतं.

मामेभाऊ बापाकडे पाहून जरा अडखळला. मामा तोंड धूत होता. "बाबांनंच सांगतलं," मामेभाऊ हळू म्हणाला. "आपल्या घरी वावरात नवी माती पडली का पह्यलं टोपलं घरच्या लेकीच्या हातचं राह्यते. आजोबा असताना आत्याच टाके. बाबा म्हने, सोताहून नाई बोलत मी, पन तू लिहून पाह्य."

म्हणजे तो मामाचा निरोप होता. एवढ्या वर्षांनी तो माणूस एक पाऊल पुढे आला होता, तेही थेट नाही, पोराच्या मोबाईलवरून, मातीचं निमित्त काढून. आणि मी त्याला मारून, हार घेऊन आले होते.

मी तिथेच पायरीवर बसले. नवरा माझ्या शेजारी उभा राहून मामेभावाला विचारत होता, "किती ट्रिपा टाकून राहिले?" तुमसरच्या बाजारात राहून राहून त्याची जीभ अशी वळली आहे. ज्याच्यासमोर मामाने बोलू नये म्हणून एवढं सगळं झालं तो माणूस आता मामासारखाच बोलतो, आणि ही गोष्ट त्या क्षणापर्यंत मला कधी नवलाची वाटली नव्हती.

शेतात गेलो तेव्हा ऊन तापलं होतं. आई यायला तयार नव्हती. तोंड कसं दाखवू म्हणत होती. मामीने तिला हाताला धरून आणलं. मामाने तो तुटका हार ट्रॅक्टरच्या नाकावर बांधून टाकला होता आणि पांढरं कापड उन्हासाठी डोक्याला गुंडाळलं होतं. त्याला त्या कापडात पाहून आईने तोंड फिरवलं. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, गाळाची ट्रॉली रिकामी झाली. ओल्या, काळ्या मातीला तळ्याचा वास होता, मासे आणि शिंगाड्याच्या वेलांचा. आईने टोपलं भरलं. मामा उचलू लागायला पुढे झाला तर तिने कोपराने त्याला ढकललं. मग धाप लागली तेव्हा धरू दिलं. दोघांनी मिळून ते बांधीच्या मधोमध नेलं आणि उपडं केलं.

त्यानंतर मामा बोलत सुटला तो जेवणं होईपर्यंत थांबला नाही. माझ्या नवऱ्याला त्याने बैल हरवल्याची गोष्ट सांगितली. लग्नातली राहिलेली होती ती. नवऱ्याने मध्ये मध्ये हुंकार दिले, प्रश्न विचारले, आणि बैल सापडल्यावर मांडीवर थाप मारली. आई ताटावर मान खाली घालून भात चिवडत होती. तिच्याशी मामा एवढंच बोलला, "भात घे ना बाई." आणि मला म्हणाला, "तू तं मास्तरीन हायेस ना? तुले माती माहीत नाई?"

सगळे हसले, मीही हसले. मग काही तरी बोलायचं म्हणून मी त्याला मलेशियातली माती सांगितली, कातालान लोकांची सकाळही सांगितली. त्याने घास हातात धरून नीट ऐकलं.

"आन् थे सकाळवाले मेल्यावर काय म्हनते?"

मी ताटातला भात कालवायला लागले.

नंतर घरी आल्यावर मी पाहिलं. ते मेलेल्याला 'मोर्त' म्हणतात, आणि तो शब्द मात्र आपल्या 'मृत'चा सख्खा नातेवाईक आहे, हजारो वर्षांपूर्वी वेगळा निघालेला. बाकी मी गाडीत रचलेला सगळा फेरा खोटा निघाला. आपली माती मृत्तिकेतून आली, मलयातली माती कुठल्या तरी जुन्या बेटावरून, कातालान माती पहाटेच्या देवीकडून. त्या तिघी एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. मृत आणि मृत्तिका हे दोन शब्दसुद्धा वेगवेगळ्या मुळांतले. नुसती अक्षरं जुळली म्हणून मी त्यांना एका घरात बसवलं होतं, आणि जे एका घरातले होते त्यांचा निरोप मला वाचता आला नव्हता. तो लेख मी लिहिला नाही. वर्गात 'मले'ला लाल गोल करायला हात अजून जातो, पण मध्येच थांबतो. पोरं गोंधळतात. परवा एकाने विचारलं, "मॅडम, हे बरोबर का चूक?" आणि मी पेनाला टोपण लावलं.

पण खरी लाज ही नाही. ही मी लोकांना हसत हसत सांगते. दुसरी आहे ती संध्याकाळी परतताना गाडीतली.

आई या वेळी पुढे बसली होती. मामाने तिच्या पायाशी शिंगाड्यांची पिशवी ठेवली होती, गेल्या हंगामातले वाळवलेले. पुढच्या आठवड्यात तो तुमसरला येणार होता, मिलमध्ये काही काम काढून. मोहाडी मागे पडलं. मग आई समोर पाहतच म्हणाली, "तू बराबर वाचलं असतं तं मी आली नसती."

"असं कसं, आई," मी म्हणाले.

"नसती आली. मातीचं टोपलं टाकाले बलावते, सोता फोन नाई करत, म्हनून फुगून बसली असती घरीच. मेला म्हनून आली. जिता असता तं नसती आली." तिने पदराने डोळे पुसले. "मलेच माही लाज वाटते."

नवऱ्याने गाडी हळू केली. आईला काही तरी सांगायला हवं होतं. पण तिने मला भलत्याच ठिकाणी पकडलं होतं. ती म्हणत होती की आपण गेलो नसतो. पण मी तो मेसेज बरोबर वाचला असता, त्यातली माती शेतातली आहे हे मला कळलं असतं, तर प्रकरण आईच्या फुगण्यापर्यंत गेलंच नसतं. गाळाच्या एका टोपल्यासाठी आईला एवढ्या उन्हात कशाला न्यायचं, असं मी म्हटलं असतं. जोडलेल्या हातांच्या उत्तरात मीही जोडलेले हात पाठवले असते आणि चहात साखर टाकली असती. मामाने इतक्या वर्षांनी बहिणीला हाक मारली होती हे तिला कधी कळलंच नसतं.

"तू मले सांगतलं असतं, नाई का?" आईने विचारलं. "मंग मी आली असती का नसती, थे माह्यावर."

"हो आई," मी म्हणाले. "सांगितलं असतं."